पटकन शांत व्हा!

चार म्हातारी माणसं एका हॉलमध्ये डोळे मिटून बसली की किस्से आपोआप जमतात. पंख्याच्या पात्यावर धूळ जमते ना, तसे. कुणी आणून टाकत नाही, पण दर आठवड्याला पुसायला असतेच!

आमच्या नारायण पेठेतल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला हॉल आहे. तिथे रविवारी सकाळी माइंडफुलनेसचा वर्ग भरतो. शिकवायला केतकी येते, दुसऱ्या मजल्यावरच्यांची भाची. आठवडाभर खराडीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, आणि रविवारी आम्हाला शांतता.

माइंडफुलनेस म्हणजे काय, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. जेवताना जेवायचं, चालताना चालायचं, मन दुसरीकडे पळालं की हळूच धरून आणायचं. हे आमच्या आईला येत होतं. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणायची आणि पाठीत धपाटा घालायची. मन जागच्या जागी परत! फी नाही, काही नाही.

आता आम्ही वर्गात गेलो कशाला, ते सांगते. माझ्या शेजारी भाऊ आणि त्यांची बायको कुसुम राहतात. भाऊ टपाल खात्यातून रिटायर झालेले, आणि राग असा की दूधवाला पिशवी ठेवून बेल वाजवायच्या आधीच जिना उतरायचा. गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. वाचले. पण डॉक्टरांनी कुसुमला बाजूला घेऊन सांगितलं, "आता यांनी चिडायचं नाही. पुन्हा असा झटका आला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी आल्यावर कुसुमने ते भाऊंना सांगितलं. भाऊ लगेच चिडले! "मला सोडून तुला का सांगितलं त्याने?"

तेव्हा कुसुमने भाऊंना वर्गात आणलं, आणि सोबत म्हणून मला.

* * *

पहिला रविवार. केतकी सांगत होती, "काका, माइंडफुलनेस म्हणजे आत्ता आपण जिथे आहोत, तिथेच असणं."

भाऊ म्हणाले, "मी जन्मल्यापासून नारायण पेठेतच आहे. आणखी कुठे असणार?"

"तसं नाही काका. शरीर इथे असतं, पण मन ऑफिसमध्ये असतं, असं होतं ना?"

"पोस्टात असताना माझं मन कधी पोस्टात नव्हतं. आता रिटायर झाल्यावर कशाला जाईल?"

केतकीनेच आधी तीन मोठे श्वास घेतले, मग वर्ग सुरू झाला.

* * *

नंतर तिने प्रत्येकाच्या तळहातावर एक एक मनुका ठेवली. ही म्हणे पाच मिनिटं खायची. आधी बघायची, मग हुंगायची, मग जिभेवर ठेवायची, आणि दात अगदी शेवटी लावायचा. जन्मात पहिल्यांदाच मनुका बघतोय, असं समजायचं.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या मंदा वहिनी लगेच म्हणाल्या, "एका मनुकेला पाच मिनिटं, तर माझ्या पुलावाला दिवाळी उजाडेल!"

तरी खाल्ली सगळ्यांनी. मग केतकीने विचारलं, काय जाणवलं? मंदा वहिनींना म्हणे आधी गोड आणि मागाहून आंबट लागलं. मला माझ्या आजोळची आठवण आली. कुसुम म्हणाली, "साखर आहे ना हो यात? यांना चालेल ना?"

भाऊ अजून डोळे मिटून बसलेले. चेहरा एकदम गंभीर. केतकीला वाटलं, काका खोल गेले. हळूच विचारते, "काका, तुम्हाला कसली आठवण आली?"

"दाढेची," भाऊ म्हणाले. "तिथे अडकली आहे."

* * *

केतकी स्वतः मात्र कायम घाईत. एका रविवारी तर स्कूटरचा हॉर्न वाजवतच फाटकातून आत आली. डोक्यावर हेल्मेट, कानात फोन, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. चपला एकीकडे, ती दुसरीकडे. सतरंजीवर धपकन बसली आणि म्हणाली,

"सॉरी, सॉरी! चला, पटकन शांत व्हा. मला साडेनऊला कॉल आहे!"

भाऊंनी विचारलं, "रविवारी कसला कॉल?"

"काका, अमेरिकेत अजून शनिवार आहे."

"मग तिकडेच वर्ग घे. त्यांच्याकडे वेळ जास्त दिसतोय."

* * *

घरी करायला अभ्यास असायचा. एकदा केतकीने सांगितलं, "रोजची एखादी साधी गोष्ट घ्या आणि ती नुसती बघा. लगेच धावू नका, प्रतिक्रिया देऊ नका."

पुढच्या रविवारी मंदा वहिनी आल्या त्या फुलूनच. "मी दूध बघितलं!"

"अरे वा! सांगा ना काकू."

"आधी कडेकडेने बारीक बुडबुडे आले. मग मधे साय थरथरली. मग ती अशी फुगत फुगत वर आली, जशी काही श्वासच घेते आहे. इतकी वर्षं दूध तापवते, पण साय एवढी देखणी असते हे मला माहीत नव्हतं हो!"

केतकीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "किती छान! आणि मग?"

"मग काय? उतू गेलं. ओट्यावरून खाली, कपाटात. डाळीच्या डब्यापर्यंत गेलं."

"अहो, गॅस नाही बंद केलात?"

"प्रतिक्रिया द्यायची नाही म्हणालीस ना तू!"

त्या दिवसापासून केतकी प्रत्येक अभ्यासाच्या शेवटी म्हणते, "गॅस सोडून."

* * *

केतकीने भाऊंच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. ते दर तासाला टण्‌ करून वाजायचं. वाजलं की हातातलं काम थांबवायचं, डोळे मिटायचे, तीन श्वास घ्यायचे.

एकदा भाऊ, कुसुम आणि मी बुधवार पेठेत एकांकडे भेटायला गेलो होतो. त्यांची आई गेली होती. आता अशा ठिकाणी काय होतं, तुम्हाला माहीत आहे. कसं झालं, कधी झालं, वय काय होतं, सगळं विचारून होतं. मग कुणी काही बोलत नाही, आणि आधी उठायचं कुणी, तेही कळत नाही. पंखा फिरत असतो, आणि सगळे त्याच्याकडे बघत असतात.

तेवढ्यात भाऊंच्या खिशात टण्‌!

भाऊ ताठ बसले आणि डोळे मिटले. घरच्यांना वाटलं, श्रद्धांजली. त्यांनीही डोळे मिटले. आतल्या खोलीतल्या बायका बाहेर येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. भाऊंचे तीन श्वास झाले, त्यांनी डोळे उघडले, नमस्कार केला आणि सरळ चपला घातल्या.

खाली आल्यावर कुसुम म्हणाली, "अहो, शोभतं का हे?"

"फार उपयोगी वस्तू आहे," भाऊ म्हणाले. "नाहीतर अजून अर्धा तास पंखाच बघत बसलो असतो."

* * *

सावकाश चालायचाही एक अभ्यास होता. पाऊल उचललं हे जाणायचं, टेकलं हे जाणायचं. भाऊंनी हा अभ्यास गल्लीतच करायचा ठरवला. संध्याकाळी निघाले. पाऊल उचलायचे, हवेत थांबवायचे, मग ठेवायचे.

आता जो माणूस पंचाहत्तरी ओलांडून तरातरा चालतो, तो एकदम असा चालायला लागला, तर पेठ गप्प बसेल? रिक्षावाला थांबला. "आजोबा, दवाखान्यात सोडू का?" किराणावाल्याने स्टूल आणून ठेवलं. इस्त्रीवाल्याची बायको पाणी घेऊन आली. भाऊंनी कुणालाच उत्तर दिलं नाही, कारण लक्ष पावलावर! त्यामुळे लोकांची खात्रीच पटली की वाचाही गेली.

कुणीतरी वर जाऊन कुसुमला सांगितलं.

मी गॅलरीतच उभी होते. कुसुम धावत रस्त्यावर आली. पदर कुठे, चष्मा कुठे! एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात भाऊंची. गर्दीतून वाट काढत पुढे गेली, तर भाऊ एक पाय वर उचलून उभे.

तिला बघून त्यांनी पाय खाली ठेवला. तिच्या पायांकडे बघितलं. मला वाटलं, आता चारचौघांत तिच्यावर ओरडणार. पण नाही ओरडले. स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि गर्दीला म्हणाले,

"नारायण पेठेत माणसाला हळू चालायचं असेल, तर आधी नोटीस लावावी लागेल!"

* * *

पण खरी परीक्षा फाटकासमोरच्या गाडीची. रोज कुणीतरी आमच्या फाटकासमोर मोटरसायकल लावून जातं. अटॅकच्या आधी भाऊ खाली जाऊन असे काही बोलायचे, की समोरच्या बिल्डिंगवाले खिडक्या लावून घ्यायचे.

केतकीने शिकवलं होतं, राग आला की त्याला नाव द्या. मनात म्हणा, राग येतोय. म्हणजे तो जरा लांब उभा राहतो.

एका सकाळी टाय लावलेल्या एका गृहस्थांनी अगदी फाटकाला चिकटवून गाडी लावली. भाऊ खाली निघाले. कुसुम मागोमाग, हातात जिभेखाली ठेवायची गोळी. भाऊ त्या गृहस्थांसमोर उभे राहिले, डोळे मिटले, आणि मनात म्हणायचं ते मोठ्याने म्हणायला लागले.

"राग येतोय... राग येतोय... राग येतोय..."

टायवाले आधी हसले. मग त्यांनी कुसुमकडे पाहिलं. कुसुम हात जोडून म्हणाली, "लवकर काढा हो, यांचं काही सांगता येत नाही!"

टायवाल्यांनी गाडी काढली. शेजारची दुसऱ्या कुणाचीतरी होती, तीही ढकलून बाजूला केली.

भाऊ वर येऊन म्हणाले, "शिव्यांपेक्षा हे बरं. घसा दुखत नाही."

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊंच्या छातीत पुन्हा कळ आली. चिडले नव्हते, काही नव्हतं. बसून भाजी निवडत होते. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, मशीन लावलं, मग घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, जपा. कुसुमने विचारलं, "आता आणखी कसं जपू?"

रविवारी भाऊ हट्टाने वर्गाला आले. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. कुसुम खाली सतरंजीवर, त्यांच्या समोर.

केतकीने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. नाकातून श्वास आत जातोय, बाहेर येतोय, फक्त तिकडे लक्ष द्यायचं. हॉल शांत झाला. मी एक डोळा किलकिला ठेवला होता, तो माझा नेहमीचाच. म्हणून मला दिसलं. केतकी उठून कुसुमजवळ जाऊन बसली.

"काकू, डोळे मिटा ना."

कुसुमने मिटले आणि लगेच उघडले.

"काकू, श्वासाकडे लक्ष द्या."

"देतेय की."

"असं उघड्या डोळ्यांनी नाही. डोळे मिटून, स्वतःच्या श्वासाकडे."

"माझ्याकडे कशाला?" कुसुम म्हणाली. "माझा चाललाय नीट. मी यांच्याकडे लक्ष देतेय."

मंदा वहिनींनी डोळे उघडले. केतकीचा हात कुसुमच्या पाठीवर जायला निघाला होता, तो मधेच राहिला.

खुर्चीत भाऊंनी डोळे उघडले नाहीत. तसेच म्हणाले,

"चालू आहे गं. मीट तू."

कुसुमने एकदा त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग पदर सारखा केला, मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले.

"बरं," ती म्हणाली. "थांबला, तर हाक मारा!"

आणि डोळे मिटून बसली.