तीन तळ्यांचा रस्ता

मृदुला तेरदाळकर माझी मैत्रीण आहे असं मी आज म्हणते. २०१९ साली कोणी विचारलं असतं, तर ‘ओळखीची आहे’ एवढं म्हणून मी विषय बदलला असता. त्याला कारणही तसंच होतं.

आम्ही दोघी नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात राहतो. तिच्या घरापासून माझं घर चालत सहा मिनिटांवर. ती मूळची इचलकरंजीची. आइंडहोव्हनला चिप बनवायच्या मशिनवर मोजमापाचं काम करते. केसाचे हजार तुकडे करून त्यातला एक जरी इकडचा तिकडे झाला तरी हिला जेवण गोड लागत नाही. हीच नजर तिने सायकलीच्या रस्त्यांवर लावली होती. आमचा सात मराठी माणसांचा रविवारचा ग्रुप होता आणि त्याचे सगळे रस्ते मृदुला आखायची. इथे सायकलच्या वाटांवर चौकाचौकात नंबरांचे खांब असतात. त्या नंबरांची ओळ कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलला चिकटवली, की दिवसभर नकाशा बघावा लागत नाही. मृदुलाच्या पट्टीवर नंबरांशेजारी वाऱ्याची दिशाही लिहिलेली असायची. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर, हा तिचा नियम. तो चुकलेला मला आठवत नाही, आणि ती चुकावी असं मला मनापासून वाटायचं.

कारण मी त्या सातांमधली सातवी. वजन पंचेचाळीस किलो. या देशात चढ नाहीत, पण वारा आहे, आणि वाऱ्यापुढे माझा पार पाचोळा होतो. सगळे प्रेमाने सांगायचे, “नीलिमा, तू आमच्या मागे राहा, वारा लागणार नाही.” खरं आहे, पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं तर लागत नाही. पण एकदा का हातभर अंतर पडलं की संपलं. मग पुढची सहा माणसं लहान लहान होत जातात, आणि कालव्याकाठी आपण आणि बदकं.

मे महिन्यातल्या एका रविवारी असंच झालं. “पुढे थांबतो,” म्हणून मंडळी गेली. थांबलीही. पॅनकेकच्या दुकानात मी पोचले तेव्हा खाऊन-पिऊन, ताजीतवानी होऊन सगळी हेल्मेट चढवत होती. मृदुलाने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, “आलीस? चला, निघू या.” मी पाणीसुद्धा न पिता निघाले. घरी येऊन ग्रुप सोडला. मृदुलाचा निरोप आला, फक्त एक अंगठा. तो अंगठा मी दोन वर्षं मनात धरून बसले.

मग ते २०२० साल आलं. सीमा बंद, ऑफिस घरात, सायकल भिंतीला टेकलेली. एप्रिलमध्ये आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये मृदुलाचा नवरा शैलेंद्र भेटला. दीड मीटरवरून, ट्रॉलीच्या पलीकडून ओरडून बोलत होता. “ती काय करतेय माहितीये? जर्मनीतले डोंगर आखतेय! ब्लॅक फॉरेस्टमधून, तीन तळ्यांचा रूट. रात्री स्वप्नात पण चढ मोजते.” डोंगर आखणाऱ्या बाईने आयुष्यात पुलापेक्षा मोठा चढ सायकलवर चढलेला नव्हता, आणि तिने वेळेचा हिशोब आपल्या सपाट रस्त्यांवरूनच केला होता: शहाण्णव किलोमीटर म्हणजे साडेचार तास, चढांचे वर चाळीस मिनिटं. मी ऐकून मनात हसले. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

ऑक्टोबरमध्ये मृदुलाला कोव्हिड झाला. हॉस्पिटलमध्ये जावं लागलं नाही. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, दोन आठवड्यांत बरं वाटेल. ख्रिसमस आला तरी ती जिना चढताना मध्यावर बसत होती. कंपनीच्या डॉक्टरने तिला रजेवर ठेवलं. पुढे रोज दोन तास काम, तेही घरून. मला हे सगळं कळत होतं. मी एकदा वरण-भात नेऊन दिला, दारातूनच परत आले.

फेब्रुवारीतला बर्फ वितळला आणि एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. तेव्हा बाहेर दोनच माणसांनी मिळून व्यायाम करायचा असा नियम होता. चेहरा उतरलेला, मास्क हनुवटीखाली.

“नीलिमा, एक काम आहे. मला हळू चालवायला शिकव.”

“म्हणजे?”

“म्हणजे हळू. मला जमत नाही गं. फिजिओ म्हणते, दमायच्या आधी थांबा. दमायच्या आधी म्हणजे कधी, हे मला कळतच नाही. तू सगळ्यात स्लो आहेस, म्हणून आले.”

हिला ना बोलायचा पाचपोच, ना लाज. मी दार लावून घेणार होते. पण तेवढं बोलूनही तिला धाप लागली होती, आणि ती चौकटीला धरून उभी होती. मी म्हटलं, “चप्पल घालते. आज सायकल नाही, चालायचं.”

हळू जाणं ही विद्या आहे, आणि ती मला येत होती. पूर्ण वाक्य बोलता आलं नाही तर वेग कमी करायचा. बाक दिसला की बसायचं, दमलेलो नसलो तरी. परत जाण्यापुरती ताकद आधीच बाजूला काढून ठेवायची. मृदुला हे सगळं वहीत लिहून घ्यायची आणि रस्त्यावर विसरायची. पुढे आम्ही सायकली काढल्या, तेव्हा बॅटरीच्या सायकलींवरून ऐंशीच्या आज्या “हूइ!” करत आम्हाला मागे टाकायच्या, की हिची हँडलवरची मूठ आवळायची. मे महिन्यात तिला बरं वाटायला लागलं. मला न सांगता ती एकटी पंचवीस किलोमीटर जाऊन आली आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की असं पुन्हा झालं तर कामाची सगळी सुरुवात शून्यापासून, आणि मग त्याच कामावर परत घेतील की नाही, हेही बोलावं लागेल. त्या दिवशी ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मलाही रडू आलं. तोवर मी तिच्यात गुंतले होते.

जूनमध्ये पाणचक्कीजवळच्या बाकावर मी हिय्या केला. “तुला पॅनकेकचा तो दिवस आठवतो?”

“कुठला दिवस?” ती म्हणाली. ती नाटक करत नव्हती. तिला खरोखर काही आठवत नव्हतं. दोन वर्षं जे माझ्या घशात अडकलं होतं, ते तिच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, “काही नाही,” आणि घरी येऊन शांतपणे चिडले. माफी मागायला लावीन एक दिवस, हेही तेव्हाच ठरवलं.

सप्टेंबरमध्ये लसी झाल्या होत्या, सीमा उघडल्या होत्या. मृदुलाने तिचा तो रस्ता बाहेर काढला आणि स्वतःच त्याची कापाकापी केली. शहाण्णवचे अकरा किलोमीटर उरले, दुसऱ्या तळ्यापासून तिसऱ्या तळ्यापर्यंत. बाकीचं शैलेंद्र गाडीने दाखवणार होता. “पण तिसऱ्या तळ्याला माझ्या पायांनी जाणार,” ती म्हणाली. “घरात कोंडले होते तेव्हा रोज रात्री तिथे जात होते मी.” ऑक्टोबरपासून तिचे कामाचे तास चारचे सहा व्हायचे होते. म्हणजे तळं हवं, पण तब्येत ढासळता कामा नये. आम्हा तिघांनाही हे पाठ होतं.

शैलेंद्रने आम्हाला दुसऱ्या तळ्याशी सोडलं आणि तो गेस्टहाउसवर परत गेला. रस्ता जंगलात शिरला. दोन्ही बाजूंना उंच सूचिपर्णी झाडं, मधून डांबराचा काळा पट्टा, आणि वारा अजिबात नाही. पहिल्या वळणावर मला काहीतरी वेगळं वाटलं. दुसऱ्या वळणावर कळलं, मी पुढे होते! चढावर वारा कापायचा नसतो, स्वतःचं वजन वर न्यायचं असतं, आणि ते माझ्याकडे नव्हतंच मुळी. पंधरा वर्षं मी स्वतःला मंद समजत होते, आणि चूक फक्त देशाची होती. मी ब्रेक दाबत, तिच्या श्वासाला कान देत चालवत होते.

साडेसात किलोमीटरवर, नाडी ठरल्यापेक्षा वाढली म्हणून, तिचं घड्याळ वाजलं. मी काही बोलायच्या आत मृदुला स्वतःच उतरली. रस्त्याकडेला ओंडके रचून ठेवले होते, त्यांच्यावर बसली. तोंड फिकं पडलं होतं, पण श्वास ताब्यात होता.

“बास,” ती म्हणाली. “इथून परत जाण्यापुरतं आहे. वर जाण्यापुरतं नाही.”

“शैलेंद्रला बोलवू? गाडीने वर जाऊ.”

“गाडीने नको.” तिने डोळे पुसले. “तू जा. बघून ये. मी बसते ना इथे.”

मी एकदा नको म्हटलं. एकदाच.

आणि मग मी निघाले. ते साडेतीन किलोमीटर मी काय चालवले! मांड्या पेटल्या होत्या, तरी मी मोठ्याने हसत होते. समोर कोणी लहान होत जात नव्हतं. वर तळं होतं, हिरवंकाळं, काठापर्यंत झाडं उतरलेली. मी बूट काढून पाण्यात पाय सोडले. फोटो काढले. टपरीवर कॉफी घेतली, केक घेतला, बाकावर बसून चवीने खाल्ला. एका जर्मन जोडप्याने विचारलं, एकट्याच आलात? मी म्हटलं, हो.

रुमालासाठी पाठीवरची पिशवी उघडली आणि हाताला मृदुलाचं जॅकेट लागलं. तिला ओझं नको म्हणून सकाळी मीच ते मागून घेतलं होतं.

घड्याळ बघितलं. मला येऊन पन्नास मिनिटं झाली होती. फोनला रेंज नव्हती. खाली ती घामाने भिजलेली, जंगलाच्या सावलीत ओंडक्यांवर बसलेली होती, आणि मी ‘हो, एकटीच’ म्हणून सांगितलं होतं. मी उतार कसा उतरले ते मला आठवत नाही. हिला आता ताप भरला तर, पुन्हा सगळं शून्यावर आलं तर, याखेरीज डोक्यात काही नव्हतं.

ती ओंडक्यांवर नव्हती. रस्त्यापलीकडे हातभर उन्हाचा तुकडा पडला होता. तिथे ती गुडघे छातीशी घेऊन बसली होती. ऊन सरकेल तशी सरकत तिथवर गेली होती. मी जॅकेट तिच्या अंगावर घातलं, चेन वरपर्यंत ओढली, तिचे थंड हात चोळले. दोन वर्षं जी माफी मी तिच्याकडून वसूल करणार होते, ती माझ्याच तोंडून निघाली.

“मृदुला, मला माफ कर. मी तुला विसरले. खरंच सांगते, वर तू माझ्या मनातसुद्धा नव्हतीस.”

तिने हात जॅकेटच्या खिशात घातले. मग हळूच म्हणाली, “मी पण तुला असंच कधीतरी विसरले असणार. तेच विचारत होतीस ना तू, पाणचक्कीपाशी?”

मी मान हलवली.

“चल,” ती म्हणाली. “सायकली हातात धरून चालत जाऊ. आणि तळं कसं होतं ते सांग. सगळं सांग, घाई करू नकोस.”

मी सांगायला लागले. चालताना ती दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा मीही थांबले.