हरणीला दुसरा हात

जीवराम नाना वरातीला घोडी द्यायचे. दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावातले निम्मे नवरदेव त्यांच्याच हरणीवर बसून मारुतीला गेले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला गेला, तो तिथलाच झाला. घरात बोलायला हरणी तेवढी. तीही मोठी मानी. नानांशिवाय कुणी जवळ आलं की कान मागे टाकायची. नानांना त्याचं आतून सुखच वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात नाना तापाने पडले. तबेल्यात हरणी तहानेने खूर आपटत होती आणि त्यांना उठवत नव्हतं. शेजारची दिपमाला बादली घेऊन आली, पण घोडी तिला आत येऊ देईना. शेवटी नाना भिंत धरून कसेबसे गेले. पाणी पिणाऱ्या घोडीच्या मानेवर डोकं टेकून म्हणाले, "उद्या मन्हं काही व्हयनं, ते हिले कोण सोडी?"

बरं वाटल्यावर त्यांनी दिपमालाला बोलावलं.

"नाना, चावनी ते?"

"चावाव नही. समोरथून नको, खांदाकडथून ये. पहिले बोल, मंग हात लाव."

घोडीच्या तोंडावर मोरखी, म्हणजे दोरीची मुसकी, कशी चढवायची, एका ओढीत सुटणारी गाठ कशी मारायची, हे त्यांनी तिला शिकवलं. आग लागली तर घोडी भेदरून आतच अडते, तेव्हा डोळ्यांवर फडकं बांधून बाहेर काढायचं. पोट दुखून लोळायला लागली तर चारा बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन. मोरखी दाराशीच टांगली. मग नानांनी स्वतः चारा घालणं सोडलं. हरणीने आपल्याला शोधू नये म्हणून ते ओट्यावर पाठ करून बसत. एके सकाळी दिपमालाच्या चाहुलीने हरणी खिंकाळली. नाना उठून घरात गेले. चहा ठेवला, तो आटून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

हिवाळ्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गेले असताना भरदुपारी कडब्याच्या गंजीने पेट घेतला. वारा तबेल्याच्या दिशेने. लोक पाण्याला धावले, दिपमाला आत शिरली. ओला टॉवेल घोडीच्या डोळ्यांवर बांधून, बोलत बोलत तिने तिला बाहेर आणलं. तबेला गेला, पण हरणीला धगसुद्धा लागली नाही.

नाना एसटीने परतले, डोळ्यावर हिरवी पट्टी. हरणी दिपमालाच्या अंगणात निंबाला बांधलेली होती. त्यांनी हाक मारली. तिने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा दिपमालाच्या हातातल्या घमेल्यात तोंड घातलं.

"नाना, नवा तबेला व्हवापावत राहू द्या आठेच."

"राहू दे," नाना म्हणाले. "तिले आठे गमस."

दिपमालाच्या डोक्यावर हात ठेवून ते घरी आले. दार लावून बसले. भिंतीपलीकडून चारा चावल्याचा आवाज नव्हता. जरा वेळाने उठून त्यांनी दार उघडलं, बाज ओढत अंगणात आणली आणि दिपमालाच्या घराकडे तोंड करून टाकली.