टेपमावशींचे डावे-उजवे

गळ्यात सदैव मापाची टेप, म्हणून आमच्या शिंपीणबाईंना सगळे टेपमावशी म्हणत. त्यांच्या लेकीला लहानपणापासून फिट येत. कात्रीला हात लावण्याची तिला बंदी होती. मेंदूत फिट कोणत्या बाजूला सुरू होते हे कळल्याशिवाय शस्त्रक्रिया शक्य नव्हती, आणि स्कॅनमध्ये काहीच दिसत नव्हते.

"फिट येते तेव्हा कोणता हात ताठतो?" डॉक्टरांनी विचारले.

"उजवा," जावई म्हणाला.

"जावईबापू, तुम्ही समोरून बघता," मावशी म्हणाल्या. "तुमच्या उजवीकडचा तो तिचा डावा. चाळीस वर्षं समोर उभी राहून मापं घेतेय मी. डावा ताठतो, उजवा अंगावरचं कापड चिवडत बसतो."

"मग सुरुवात उलट बाजूला, उजवीकडे असणार," डॉक्टर म्हणाले. "तपासून पाहू."

डोक्याला तारा लावून लेकीला आठवडाभर कॅमेऱ्यासमोर ठेवले. दोन फिट आल्या. दोन्ही उजवीकडूनच निघाल्या. मग शस्त्रक्रिया झाली.

त्यानंतर दोन वर्षांत एकही फिट आलेली नाही. परवा माझ्या कोटाचे कापड लेकच कापत होती.

"सांगा जावईबापू, कोणत्या हातानं कापतेय?" मावशींनी विचारले.

जावई आधी बायकोच्या मागे जाऊन उभा राहिला आणि मगच म्हणाला, "उजव्या!"