बाबांचा तुटका दात

इंदरगंजातल्या त्या फोटोवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. माझा सगळा वेळ त्याच्यावर चिडण्यात गेला. बाबा गेले तेव्हा त्यांचा हसरा फोटो एकच सापडला, तोही माझ्या मोबाइलमध्ये, एका लग्नाच्या घोळक्यात ते मागे उभे होते. तेवढाच चेहरा मोठा करून हवा होता.

त्यानं माझा मोबाइल दोन बोटांनी कडेला धरला, ट्यूबलाइटसमोर तिरका केला आणि त्यावर हलकेच फुंकर मारली. जन्मभर निगेटिव्ह हाताळलेला माणूस! पण फुंकरीनं मोबाइलमधलं काय उडणार होतं?

पहिली प्रत म्हणजे नुसत्या चौकटी. नाकाच्या जागी चार ठोकळे. मी भडकलो.

"मोठं केलं की फिल्मवर दाणे दिसायचे, यात चौकटी दिसतात," तो शांतपणे म्हणाला. "संध्याकाळी या, कंप्यूटरकडून साफ करवून ठेवतो."

संध्याकाळी बाबा गुळगुळीत झाले होते, आणि त्यांचा पुढचा तुटका दात चक्क अख्खा!

"हा कोणाचा दात बसवलात?"

"भाईसाहेब, कंप्यूटरनं कुठं पाहिलंय तुमच्या बाबांना? अंदाज से लगा दिया."

मग मला हाताला धरून त्यानं रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं, आणि स्वतः परत जाऊन ती पहिलीच प्रत छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. मध्ये रिक्षा, हॉर्न, धूळ. हा काय तमाशा, म्हणत मी वैतागून वर पाहिलं.

इतक्या लांबून चौकटी विरून गेल्या होत्या; पायरीवरून बाबा हसत होते. दात तुटका होता.