शेजारच्या आजींच्या नाती

आम्ही चारकोपला राहायला गेलो तेव्हा शेजारच्या खोलीत मालवणकडचं म्हातारं जोडपं दोन नातींना सांभाळत होतं. आजोबा गिरणी बंद पडून घरी बसलेले. त्यांची मुलगी सासरी भाजून मेली होती. स्टोव्हचा भडका उडाला, असं जावई सांगत फिरायचा. रॉकेल त्यानंच ओतलं, हे तिनं मरताना आईच्या कानात सांगितलं, पण पोलिसांनी ते धरलं नाही आणि तो सुटला.

एका दुपारी तो दारू पिऊन आला. दुसऱ्या बायकोला मूल झालं होतं, घरकामाला त्याला थोरली हवी होती. मी दारात कपडे धूत होते. तो पोरीला हाताला धरून फरफटत बाहेर काढत होता. आजोबा आडवे आले. त्यानं त्यांच्या पोटात लाथ घातली, ते पडले तर डोकं धरून उंबऱ्यावर आपटलं. कानातून रक्त आलं.

"माज्या चेडवाक खाल्लंस, आता हिका खातलंस?" आजी मेलेल्या लेकीवरून ओरडल्या आणि त्यांनी त्याच्या दंडाचा चावा घेतला. तो पाठीत बुक्के घालत होता, तरी दात सुटेनात.

कपडे बडवायचा लाकडी दांडका माझ्या हातात होताच. मी तो त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. तो खाली बसला तेव्हा गुडघ्यावर आणखी एक घातला. तोवर चाळीतल्या सगळ्या बाया जमल्या.

"पोलिसांत जाईन," तो कण्हत म्हणाला.

"जा की. आम्ही पण येतो ना सगळ्या," एक जण म्हणाली.

तो पोलिसांत गेला नाही. आजोबांचा तो कान मात्र कायमचा गेला. त्यानंतर पोरींना शाळेत नेणं-आणणं आम्ही बायकांनी वाटून घेतलं. माझ्या नवऱ्यानं त्यांच्या दाराला लोखंडी अडसर बसवून दिला. जावई दोनदा गल्लीच्या तोंडाशी दिसला. आम्ही नुसत्या बाहेर येऊन उभ्या राहिलो, तो परत फिरला. पुढे यायचाच बंद झाला. पोरी आजी-आजोबांकडेच वाढल्या.

"तुमका किती तरास," आजी दर वेळी म्हणायच्या.

"गप्प बसा हो आजी, चहा टाका," मी म्हणायचे.

मग त्या चहा टाकायच्या, आलं घालून, जरा जास्तच गोड.