पदराआडची सून

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा माझ्या मित्राने नगरच्या छावणीतून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून चावीचा सिनेमा-कॅमेरा घेतला, आणि आमच्या डोक्यात खूळ शिरलं. आपल्या भागातल्या माणसांचा सिनेमा काढायचा! राजे-राण्या नकोत, देवही नकोत. फिल्म मात्र मिळता मिळत नसे. मिळे ती मी जिवापाड जपायचो, आणि कुणी फोटोला उभं राहिल्यासारखं ताठ झालं की खेकसायचो, "अहो, हला की जरा!"

बेलापूरच्या एका मळ्यात बाया कांदे निवडत होत्या. आम्ही पुढे राजूरला सिनेमा दाखवणार हे कळताच त्या घरची सून हळूच जवळ आली.

"दादा, माझी आय राजूरला हाय. वातानं तिचं पाय गेलं, अन् मला म्हायेरी कुनी धाडीत न्हाई. माझं तोंड तेवढं दावा तिला."

मित्राने चावी दिली, कॅमेरा सुरू केला. तिने मान वर केली आणि झर्रकन पदर हनुवटीपर्यंत ओढला. सासरा गंमत बघायला नेमका आमच्या पाठीशी येऊन उभा! फिल्म सरत होती आणि तिच्यात नुसता पदर भरत होता. माझं डोकं फिरलं.

"अहो बाई, तुमच्या आईने काय पदर बघायचा?"

सासऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं, आता हाकलतोय. "सासऱ्याम्होरं तोंड उघडं टाकायची रीत न्हाई आमच्यात," तो म्हणाला. मग पुटपुटत विहिरीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. "घ्या. आवरा बिगीनं."

भला माणूस! सुनेला माहेरी धाडत नव्हता, पण एवढं केलं त्याने. माणसाचं असंच असतं, काय करता!

तिने पदर मागे सारला, कॅमेऱ्यात बघितलं आणि ओठ हलवले. कॅमेऱ्याच्या घरघरीत आम्हाला काही ऐकू आलं नाही, आणि तेवढ्यात फिल्म संपली.

फिल्म धुऊन आल्यावर राजूरला शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी आम्ही अंधार केला. म्हातारीला तिच्या थोरल्याने पाठीवर घालून आणलं होतं. भिंतीवर टांगलेल्या चादरीवर लेकीचं तोंड उजळलं, तशी ती हुंदके देऊ लागली. मग लेकीचे ओठ हलले.

"काय म्हनती रं ती?"

आमचा सिनेमा मुका. मी काय सांगणार, कपाळ! "सुखात आहे म्हणते," मी ठोकून दिलं.

"उगं कायबी सांगू नगं, बाबा. बोबडं बोलत हुती तवापासनं तिचं तोंड कळतंय मला. आये, मला घिऊन जा, म्हनती."

म्हातारी लेकाकडे वळली.

"गाडी जुंप. माझी वाकळ टाक तिच्यात. मी बी येते."