रिकाम्या पोटी दोन

सोनाळ्याच्या प्रेमानंदला कुठलीही गोष्ट सोपी करून सांगता येत असे. त्यावरच त्याचं घर चालायचं. बीएस्सी झाल्यावर तो एका बियाणे कंपनीचा माणूस म्हणून गावोगाव फिरला. बीटी कपाशीचं पान खाल्लं की बोंडअळीच्या आतड्यात काय होतं, हे तो असं सांगायचा की म्हातारेही माना डोलवत.

२०१७ साली त्याच बीटीची बोंडं फोडली तर आत जिवंत गुलाबी बोंडअळी. प्रेमानंदला कोणी मारलं नाही. वरवट बकालच्या बाजारात एका शेतकऱ्यानं सडकं बोंड फक्त त्याच्या हातावर ठेवलं आणि न बोलता निघून गेला. महिन्याभरात प्रेमानंदनं नोकरी सोडली.

पुढच्या वर्षी त्यानं साखळी पद्धतीनं विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलचं काम धरलं. हिरव्या चहाचा आणि कच्च्या कॉफीच्या बियांचा अर्क; वजन उतरतं म्हणायचे. पहिलं गिऱ्हाईक राबियाभाभी. तिचा नवरा रज्जाकभाई गाद्या भरायचा, ती शिवणकाम करायची. मशीनवर बसून तिचे गुडघे धरले होते; वजन उतरलं तर आराम पडेल, अशी तिला आशा होती.

डबीवर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं : रोज एक, जेवणानंतर. प्रेमानंदनं मोबाईलवर वाचलं होतं की पोटात अन्न असलं तर अर्क कमी शोषला जातो.

"भाभी, जेवणासंग घेतली त अर्धी वाया जाते," तो म्हणाला. "सकायी रिकाम्या पोटी दोन घ्या. सरळ रक्तात जाते."

"डबीवर तसंच लिहून हाय का, भाऊ?"

"हाव," प्रेमानंद म्हणाला.

सहा आठवड्यांनी राबियाभाभीचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना. रज्जाकभाईनं तिला शेगावला दवाखान्यात भरती केलं आणि प्रेमानंदला फोन लावला. "तू शिकलेला हायेस. डॉक्टर काय म्हनते ते आमाले समजावून सांगशीन."

प्रेमानंद गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोरच विचारलं, "ताई, एखादं चूर्ण, जडीबुटी, बाहेरची गोळी घेतली होती का?"

राबियाभाभीनं एकदा प्रेमानंदकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

प्रेमानंद हातातला तपासणीचा कागद वाचू लागला. व्हरांड्यात मात्र तिला हळूच म्हणाला, "भाभी, त्या कॅप्सूल आता घेऊ नका."

"बंदच हायेत, भाऊ."

कॅप्सूलमुळेच झालं असेल कशावरून, असं तो स्वतःला सांगत राहिला. काविळीच्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. डॉक्टरांना कारण सापडेना. रज्जाकभाई प्रत्येक कागद प्रेमानंदपुढे धरायचा आणि प्रेमानंद त्याला बिलिरुबिन म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, हे समजावायचा. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी बिलिरुबिनचा आकडा आणखी वर गेला आणि बाई म्हणाल्या, "उद्या अकोल्याला न्यावं लागेल."

रज्जाकभाई निघायची तयारी करू लागला. तो रडत नव्हता. राबियाभाभीच्या चपला पिशवीत भरत होता, पुन्हा बाहेर काढत होता. ते पाहून प्रेमानंद उठला, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला आणि आपल्या बॅगेतली कॅप्सूलची डबी टेबलावर ठेवली.

"रिकाम्या पोटी दोन घ्यायले मीच सांगतलं होतं. जास्त शोषते म्हनून."

बाईंनी डबी वाचली. "तुमचा हिशोब चुकला नाही हो," त्या म्हणाल्या, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागलं. "रिकाम्या पोटी जास्त शोषलं जातं, हे खरंच आहे. कित्येक पटीनं. पण आतड्यातून निघालेलं सगळं आधी लिव्हरकडेच येतं ना? कपभर चहानं काही होत नाही. अर्क म्हणजे कितीतरी कप एकदम. सगळ्यांना बाधत नाही, पण काहींचं लिव्हर सुजतं. म्हणून तर जेवणानंतर लिहिलंय." मग त्यांनी विचारलं, "तीन दिवस का बोलला नाहीत?"

 प्रेमानंद मागे वळला तर दारात रज्जाकभाई उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो इतकंच म्हणाला, "मले काऊन नाही सांगतलं बे?"

कारण कळल्यावर उपचाराची दिशा ठरली. अकोल्याहून राबियाभाभी दहा दिवसांनी घरी आली. डोळ्यांचा पिवळेपणा जायला दोन महिने लागले. प्रेमानंद अकरा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन डब्या परत घेऊन आला. प्रत्येक दारात त्याला कारण सांगावं लागलं, आणि दर वेळी ते सांगणं अधिकच जड गेलं. राबियाभाभीकडे तो सगळ्यात शेवटी गेला.

"डॉक्टरले ‘नाही’ काऊन म्हटलं तुमी?" त्यानं खाली पाहत विचारलं.

"कपाशीपायी आधीच लोक तुले बोलत होते," ती म्हणाली. "म्हटलं, आता माह्याही तोंडून तुह्यं नाव कायले?"

त्यानंतर तो त्यांच्या गल्लीत गेला नाही. खामगावला एका डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर बसू लागला.

दोन वर्षांनी राबियाभाभीच्या मुलीचं, मलिहाचं लग्न झालं. पत्रिका रज्जाकभाईनं स्वतः आणून दिली. प्रेमानंद मांडवात शेवटच्या रांगेत, खांबाआड बसला. पंगत बसल्यावर रज्जाकभाईनं त्याला हुडकून काढलं, मनगट धरून पुढे नेलं आणि आपल्या भावांच्या मधोमध बसवलं. आग्रह करकरून वाढलं. प्रेमानंदनं ताटातलं सगळं संपवलं, एकदाही मान वर न करता.